खाली गाळा, वर घर: सीसीटीव्ही घेताना काय बघायचं

चोरी झाल्यावर फुटेज बघायला बसलं की पुष्कळ ठिकाणी एकच अनुभव येतो. कॅमेरा चालू होता, रेकॉर्डिंगही झालं होतं, चोराच्या तोंडाला रुमालसुद्धा नव्हता, तरी चेहऱ्याच्या जागी दहा-बारा ठिपक्यांचा डाग दिसतो. हे टाळायला महागडी सिस्टीम लागत नाही. कॅमेऱ्यांची संख्या आणि मेगापिक्सेल ठरवण्याआधी प्रत्येक जागेसाठी एक वाक्य कागदावर लिहा: इथे मला कोणाचं काय, किती अंतरावरून, कुठल्या उजेडात दिसलं पाहिजे? बाकीची सगळी निवड या वाक्यातून निघते.

उदाहरणाला तालुक्याच्या गावात नेहमी दिसणारी वास्तू घेऊ. तळमजल्यावर १२ फूट रुंद आणि २५ फूट खोल किराणा दुकान, मागे छोटं गोदाम, शेजारून वर जाणारा जिना, वरच्या मजल्यावर घर. इथे सहा वाक्यं होतात.

गल्ल्यावर हात आणि नोटा दिसल्या पाहिजेत, करडी पाचशेची की पिवळी दोनशेची हे कळलं पाहिजे. दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ओळखता आला पाहिजे. दुकानाच्या आत कोण कुठल्या मांडणीपाशी आहे एवढं कळलं तरी चालेल. गोदामात कोण आलं-गेलं हे दिसावं. जिन्याच्या दाराशी उभ्या माणसाचा चेहरा रात्रीसुद्धा दिसला पाहिजे. आणि शटरसमोर रात्री गाडी थांबली, माणसं उतरली, तर ती हालचाल कळली पाहिजे.

सहाही जागांची गरज वेगळी आहे. तरी कोटेशनमध्ये सरसकट "बुलेट कॅमेरा ६ नग" असं लिहून येतं. तिथेच गडबड होते.

लेन्सचा हिशेब

सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या (आयईसी ६२६७६-४) २०१४ च्या आवृत्तीत काही आकडे दिले आहेत, आणि धंद्यात तेच रूढ आहेत. चित्रातल्या एक मीटर रुंदीला किती पिक्सेल मिळतात त्यावर काय दिसेल ते ठरतं. २५ मिळाले तर माणूस आहे एवढं कळतं. १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाची ओळख पटवण्याइतका चेहरा हवा असेल तर २५० लागतात. चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद धरला तर २५० म्हणजे चेहऱ्यावर ४० पिक्सेल.

दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. १९२० ला २५० ने भागलं की ७.६८ मीटर येतात. म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी जागा जिथपर्यंत पावणेआठ मीटरपेक्षा रुंद होत नाही, तिथपर्यंतच चेहरा पक्का. आता लेन्स बघा. २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०५ अंशांचा कोन दाखवते, त्यामुळे चेहऱ्याची मर्यादा ३ मीटरवर, म्हणजे १० फुटांवर संपते. ३.६ मिलिमीटरला ती सुमारे १३-१४ फूट होते आणि ६ मिलिमीटरला साधारण २५ फूट. ओळखीच्या माणसासाठी हे अंतर दुप्पट धरा. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी २५६० पिक्सेल, त्यामुळे त्याच लेन्सला अंतर साधारण सव्वा ते दीडपट वाढतं. मेगापिक्सेल दुप्पट केले म्हणून पल्ला दुप्पट होत नाही.

याचा अर्थ असा की "सगळं दिसावं" म्हणून घेतलेल्या २.८ च्या लेन्समध्ये खरोखर सगळं दिसतं, पण ओळखू काहीच येत नाही. आपल्या दुकानात दारावरच्या कॅमेऱ्याला ३.६ ची लेन्स घ्या आणि तो दारापासून १०-१२ फूट आत लावा. आतल्या एकूण दृश्याला २.८ ठीक आहे. जिन्याच्या दारापाशी माणूस ५-६ फुटांवरच उभा राहतो, तिथेही २.८ पुरते. बाहेरच्या कॅमेऱ्याला हालचाल टिपायची आहे, ती २.८ ला बऱ्याच लांबपर्यंत कळते. पण त्याच कॅमेऱ्यातून समोर उभ्या मोटरसायकलचा नंबर वाचता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. नंबरप्लेटसाठी अरुंद कोनाची लेन्स आणि जलद शटर असलेला स्वतंत्र कॅमेरा लागतो, तोही गाडी जिथे हळू होते तिथे, फाटकावर किंवा गतिरोधकाशी. सोसायटीच्या फाटकावर हा खर्च करावा. किराणा दुकानाला तो गरजेचा नाही.

उंची हा दुसरा मुद्दा. कॅमेरा हाताला लागू नये म्हणून १४-१५ फुटांवर लावला की माणसाची टोपी आणि टक्कल दिसतं. चेहऱ्यासाठी ८ ते १० फूट उंची बरोबर. तोडफोडीची भीती असेल तर आयके १० दर्जाचा, म्हणजे धक्के सोसणारा, घुमटाकार डोम कॅमेरा घ्या, पण उंची वाढवू नका. गल्ल्याचा कॅमेरा मात्र काउंटरच्या बरोबर वर, छतातून खाली बघणारा हवा. त्याला चेहरा नको आहे, हात हवेत.

डीव्हीआर, एनव्हीआर की वायफाय

डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र. त्यावर एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे चालतात. प्रत्येक कॅमेऱ्याला ३+१ केबल जाते, म्हणजे चित्रासाठी एक कोअॅक्स आणि सोबत तीन बारीक तारा. शेवटी बीएनसी कनेक्टर आणि डीसी पिन असते. करंट एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्यातून येतो. ही सिस्टीम स्वस्त आहे, दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक गावात मिळतो, आणि आठ कॅमेऱ्यांपर्यंतच्या दुकानाला ती पुरते.

एनव्हीआर हेही रेकॉर्डिंगचंच यंत्र, पण त्यावर आयपी कॅमेरे, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवरून चित्र पाठवणारे कॅमेरे चालतात. कॅट-६ केबल आणि पीओई स्विच वापरला की चित्र आणि वीज एकाच तारेतून जातात, जोडाच्या जागा कमी होतात. एका केबलची मर्यादा १०० मीटर. चित्र जास्त स्वच्छ मिळतं, पुढे कॅमेरे वाढवणं सोपं जातं. नवीन बांधकाम चालू असेल आणि भिंतीत पाइप टाकायची संधी असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: कॅट-६ टाका आणि आयपी सिस्टीम घ्या. बांधकाम जुनं असेल आणि कोअॅक्स आधीच टाकलेली असेल तर ती उपटू नका, चांगला डीव्हीआर घ्या.

डीव्हीआर घेताना एक शब्द नीट वाचा: "१०८०एन" किंवा "लाइट". १०८०एन म्हणजे ९६० बाय १०८०. दोन मेगापिक्सेल कॅमेरा लावलात तरी रेकॉर्डिंग आडव्या दिशेने निम्म्या पिक्सेलवर होतं, आणि वरचा सगळा हिशेब निम्म्यावर येतो. खोक्यावर फुल एचडी लिहिलेलं असतं ते कॅमेऱ्याबद्दल. डीव्हीआर प्रत्येक चॅनेलवर किती रिझोल्यूशन आणि सेकंदाला किती फ्रेम रेकॉर्ड करतो हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. १९२० बाय १०८० ला १५ फ्रेम मिळाल्या तर दुकानासाठी पुरे.

सहा कॅमेऱ्यांना आठ चॅनेलचा डीव्हीआर घ्यावा. दोन जागा रिकाम्या राहिल्या तर चांगलंच, वर्षभरात एक तरी भरते.

वायफाय कॅमेरा घराच्या आत ठीक आहे: आजी-आजोबांकडे लक्ष ठेवायला, मुलं शाळेतून आली का बघायला. दुकानाची मुख्य सुरक्षा त्यावर ठेवू नका. रेकॉर्डिंग त्याच्याच पोटातल्या मेमरी कार्डवर असतं, चोराने कॅमेरा काढून नेला की पुरावाही गेला. १२८ जीबीच्या कार्डात दोन मेगापिक्सेलचं अखंड रेकॉर्डिंग पाच-सहा दिवसच मावतं. साधं मोबाइलचं कार्ड सतत लिहून लवकर खराब होतं, त्यामुळे सीसीटीव्हीसाठी बनवलेलं हाय एन्ड्युरन्स कार्डच घ्या. जाड जांभ्याच्या किंवा दगडी भिंतीतून वायफाय फार पुढे जात नाही, म्हणून राउटर आहे तिथेच ठेवून कॅमेऱ्याच्या जागी उभं राहून आधी मोबाइलवर रेंज तपासा. हे कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात.

शेतावरच्या विहिरीपाशी, जिथे मोटार आणि केबलची चोरी होते, तिथे सोलर पॅनेलचा ४जी कॅमेरा कामाला येतो. त्यात सिमकार्ड घालायचं. दोन एमबीपीएसने तासभर थेट बघितलं तर जवळपास ९०० एमबी डेटा जातो, म्हणून हालचाल झाली तरच जागा होणारी सेटिंग ठेवा. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवा आणि पावसाळ्यात सलग ढगाळ दिवसांत बॅटरी उतरते हे लक्षात ठेवा.

तार आणि वीज: बहुतेक बिघाड इथेच

कॅमेरा सहसा खराब होत नाही, जोड खराब होतात. तक्रारीची नेहमीची रूपं आणि त्यांची कारणं अशी.

दिवसा कॅमेरा व्यवस्थित, रात्र झाली की बंद-चालू होतो किंवा चित्रात पट्टे येतात. कारण अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा दिवसापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त करंट मागतो, साधारण अर्धा अँपिअरपर्यंत. तार लांब आणि बारीक असेल तर तिथे पोचेपर्यंत व्होल्टेज उतरतं. हिशेब बघा: अर्धा चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या तारेतही ६० मीटर अंतरावर अर्ध्या अँपिअरला साधारण २ व्होल्ट गळतात. १२ चे १० होतात. तीच तार तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असेल तर गळती सव्वातीन व्होल्टपर्यंत जाते, आणि कॅमेरा झोपतो. पाते घेऊन तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियमची आहे. बंडल हाताला हलकं लागतं, हीसुद्धा खूण आहे. लांबच्या कॅमेऱ्याला जवळच्या प्लगवरून वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर देणं हा सर्वांत सोपा उपाय.

सगळे कॅमेरे एकदम जातात तेव्हा एसएमपीएस बघा. सहा कॅमेऱ्यांचे रात्री ३ अँपिअर होतात. कागदावर ५ अँपिअरचा एसएमपीएस पुरतो, पण स्वस्त माल छापील क्षमता देत नाही आणि उन्हाळ्यात तापून बसतो. आठ आउटपुटचा, १० अँपिअरचा घ्या, प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र फ्यूज असलेला. एका कॅमेऱ्याचा शॉर्ट झाला तर बाकीचे चालू राहतात.

एकाच कॅमेऱ्याचं चित्र येतं-जातं, तेव्हा बाहेरचा बीएनसी किंवा डीसी पिन गंजलेली असते. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने हे वर्षभरात होतं. भिंतीवर नुसता कॅमेरा ठोकून जोड मागे लोंबकळत ठेवण्याची पद्धत पूर्ण चुकीची आहे. प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्याखाली जंक्शन बॉक्स हवा, सगळे जोड त्याच्या आत. कॅमेरा पाणी-धूळ रोखणाऱ्या आयपी ६६ किंवा ६७ दर्जाचा असला तरी तो दर्जा कॅमेऱ्याच्या अंगाचा आहे, शेपटीच्या जोडाचा नाही. केबल बॉक्समध्ये खालून शिरावी आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळत आत न जाता झोळाच्या टोकाला गळतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे मागा.

चित्रात वर सरकणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसल्या तर सीसीटीव्हीची केबल आणि विजेची वायर एकाच पाइपातून गेली आहे का बघा. दोन्ही वेगळ्या पाइपात हव्यात, किमान फूटभर अंतराने. समांतर धावण्याऐवजी काटकोनात ओलांडाव्या लागल्या तर हरकत नाही. दोन इमारतींत अर्थिंग वेगवेगळं असेल तरी अशा पट्ट्या येतात.

वीज पडण्याचा धोका मराठवाडा-विदर्भात वळवाच्या पावसात मोठा असतो. गच्चीवरून किंवा झाडावरून दुसऱ्या इमारतीपर्यंत उघडी टांगलेली तांब्याची केबल म्हणजे डीव्हीआरला दिलेलं आमंत्रण. दोन इमारतींमध्ये फायबर टाका, त्यातून विजेचा झटका येत नाही. ते शक्य नसेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग खरं आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसलेला सर्ज प्रोटेक्टर नुसता डबा आहे.

वीज गेल्यावर काय? डीव्हीआर आणि सहा कॅमेरे मिळून साधारण ४० ते ५० वॉट घेतात. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस यावर अर्ध्या-पाऊण तासाहून फार टिकत नाही. घरात १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर त्यावरून लाइन घ्या, रात्रभर निघते. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू नसेल तर लाइट जाता-येताना क्षणभर खंड पडून डीव्हीआर रिस्टार्ट होऊ शकतो. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच लाइनवर ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंग होतं पण मोबाइलवर काही दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच बघायचं असतं.

हार्ड डिस्क

सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे: एका एमबीपीएसचे २४ तासांत १०.८ जीबी. एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीवर दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएस घेतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. सहा कॅमेऱ्यांचे दिवसाला १३० जीबी, तीस दिवसांचे ३.९ टीबी. म्हणून ४ टीबीची डिस्क घ्या, महिनाभराचं रेकॉर्डिंग जेमतेम बसेल. कोटेशनमध्ये सर्रास १ टीबी लिहिलेली असते. ती आठवड्याभरात भरून जुनं पुसायला लागते. हिशेबातला घोळ किंवा गोदामातली तूट महिनाअखेरीला लक्षात येते, तेव्हा त्या दिवसाचं फुटेज गेलेलं असतं. फक्त हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवलं तर जागा वाचते, पण गल्ला आणि दार यांना आम्ही अखंडच ठेवायला सांगू. हालचाल ओळखण्यात चूक झाली तर नेमका हवा तो क्षण गाळला जातो.

डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसते. जुनी डिस्क पुसून नवी म्हणून विकली जाते, म्हणून तिच्यावरचा सिरीयल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासा आणि तोच क्रमांक बिलावर लिहून घ्या. डीव्हीआर कमाल किती टीबीची डिस्क घेतो हेही आधी विचारा.

डिस्कचा शत्रू उष्णता. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंश असताना बंद लाकडी कपाटात ठेवलेला डीव्हीआर आत किती तापत असेल याचा विचार करा. चारही बाजूंनी चार-चार बोटं मोकळी जागा, जाळीचं दार आणि छोटा पंखा द्या. आणि डीव्हीआर गल्ल्याखाली ठेवू नका. शिकाऊ चोरालाही आता ठाऊक आहे की जाताना तो खोका न्यायचा असतो. खाली गाळा, वर घर असेल तर डीव्हीआरची जागा वरच्या मजल्यावर, कुलूपबंद.

उजेड

दुकानाच्या दाराकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याला मागे रस्त्याचं ऊन दिसतं. साध्या कॅमेऱ्यात गिऱ्हाईक काळी सावली होऊन आत येतं. इथे खरा डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय लागते, १२० डेसिबलची. माहितीपत्रकात "डिजिटल डब्ल्यूडीआर" किंवा "डीडब्ल्यूडीआर" लिहिलं असेल तर ते नुसतं चित्र उजळ करणं आहे, त्याने हे काम होत नाही. सहा कॅमेऱ्यांत एकावरच जास्त पैसे घालायचे झाले तर ते या दाराच्या कॅमेऱ्यावर घाला.

रात्री इन्फ्रारेडमध्ये चित्र काळं-पांढरं येतं. शर्टाचा रंग, गाडीचा रंग कळत नाही. रंग हवा असेल तर बाहेर रात्रभर एक साधा ९ वॉटचा एलईडी लावणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. किंवा मोठ्या छिद्राची लेन्स आणि पांढरा दिवा असलेला रंगीत नाइट कॅमेरा घ्या. जास्त मेगापिक्सेल आणि छोटा सेन्सर ही जोडी अंधारात वाईट चालते. पाच मेगापिक्सेलच्या स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा दोन मेगापिक्सेल रात्री सरस ठरतो.

कॅमेऱ्याच्या जवळ भिंत, छज्जा किंवा फलक असेल तर इन्फ्रारेड त्यावर आपटून परत येतं आणि बाकी चित्र काळं पडतं. दिवाळीत आकाशकंदील आणि दारावरचं तोरण नेमकं लेन्ससमोर येतं, गणपतीत मंडळाचा फ्लेक्स. कंदील वाऱ्यावर हलला की मोबाइलवर रात्रभर सूचना वाजत राहतात, मग माणूस सूचना बंद करून टाकतो आणि सण संपल्यावर त्या तशाच बंद राहतात. कंदील फूटभर बाजूला टांगा.

पासवर्ड, अॅप आणि शिक्का

२०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रामने जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे कंपनीचेच मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं रुग्णांचं फुटेज इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. त्या बायकांचं जे झालं ते आपल्या दुकानातल्या, घरातल्या कोणाचं होऊ नये. म्हणून अॅडमिनचा पासवर्ड फिटिंगवाल्यासमोर स्वतः टाका, बारा तरी अक्षरांचा, मोबाइल नंबर किंवा दुकानाचं नाव नसलेला. मोबाइल अॅपमध्ये सिस्टीम तुमच्या स्वतःच्या नंबरावर नोंदवा. ती फिटिंगवाल्याच्या खात्यावर नोंदली गेली की पुढे तो भेटेनासा झाल्यावर यंत्र त्याच्या खात्यातून सोडवून घेण्यात दिवस जातात. घरातल्यांना आणि नोकरांना फक्त बघण्याचा अधिकार असलेली वेगळी खाती द्या. राउटरवरचं यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट आत यायची वाट उघडणाऱ्या सेटिंग, बंद ठेवा.

केंद्र सरकारच्या ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या आवश्यक अटी लागू झाल्या, आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या चाचण्यांशिवाय कॅमेरा विकता येत नाही. जुना साठा स्वस्तात दिला जात असेल तर याच कारणाने असू शकतो. नेमक्या मॉडेलचं एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा. कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचं दाखवलं तर ते चालत नाही.

कायदा आणि पुरावा

शेजाऱ्याची खिडकी किंवा अंगण कॅमेऱ्यात येत असेल तर डीव्हीआरमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, त्या भागावर काळी चौकट ओढा. भांडण पोलिसांत जाण्याआधी हे करावं. कपडे बदलण्याची खोली, न्हाणीघर, संडास इथे कॅमेरा लावणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तुरुंगवास होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, दुकान त्यात बसत नाही. त्यामुळे दर्शनी भागात कॅमेरे असल्याची पाटी लावा आणि नोकरांना आधी सांगा.

पुराव्याबद्दलचा महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरले गेले का, यावरून वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग पुढे आलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवलं की मूळ यंत्र हजर केलं नाही तर रेकॉर्डिंगच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावं लागतं.

व्यवहारात याचा अर्थ असा. घटना घडली की त्याच दिवशी फुटेज मूळ स्वरूपात पेनड्राइव्हवर काढा. स्क्रीनचं मोबाइलने केलेलं चित्रण किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल पुराव्याला कमकुवत, कारण व्हॉट्सअॅप ती दाबून लहान करतं. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तासही घ्या. डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ यात फरक असेल तर तो लिहून ठेवा, घड्याळ नंतर "दुरुस्त" करू नका.

हे घड्याळ बिघडायचं कारण साधं असतं: आतली नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी संपते आणि लाइट गेली की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. बॅटरी बदला आणि इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची एनटीपी सेटिंग भारतीय वेळेवर, म्हणजे +५:३० वर ठेवा.

पैसे पूर्ण देण्याआधी

कोटेशनमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचं मॉडेल आणि लेन्स, डीव्हीआरचं मॉडेल, डिस्कची कंपनी आणि क्षमता, केबलची कंपनी आणि ती शुद्ध तांब्याची असल्याचं, एसएमपीएसचे अँपिअर, जंक्शन बॉक्सची संख्या आणि केबलचा मीटरमागे दर हे सगळं लिहून घ्या. केबलचे मीटर शेवटी वाढतात, त्यामुळे मोजमाप समोर करा.

शेवटचा हप्ता रात्री नऊनंतर द्या. दुकानातले दिवे बंद करून एका माणसाला जिन्याच्या दाराशी, दुकानाच्या दाराशी आणि शटरसमोर उभं करा. त्याला नेहमीच्या वेगाने चालू द्या, कारण थांबलेला माणूस छान दिसतो आणि चालणारा रात्री धूसर होतो. मग थेट चित्र सोडून प्लेबॅक बघा. थेट चित्र नेहमी चांगलं दिसतं, रेकॉर्डिंग कोणत्या दर्जाचं होतंय ते प्लेबॅकमध्येच कळतं. एक मिनिटाची फाइल पेनड्राइव्हवर काढून घरच्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा आणि ती कृती स्वतः एकदा करा. मेन स्विच बंद करा आणि इन्व्हर्टरवर सिस्टीम चालू राहते का बघा.

त्यानंतर महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, प्लेबॅकमध्ये सर्वांत जुनी तारीख कुठली आहे ते तपासा. डिस्क गेली की डीव्हीआर बीप देतो, पण तो आवाज कोणीतरी सेटिंगमध्ये बंद केलेला असतो. मे अखेरीला बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या काचा मऊ ओल्या फडक्याने पुसा, जंक्शन बॉक्स उघडून गंज आणि मुंग्या बघा, छिद्रं सिलिकॉनने बुजवा. इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी लांब काठीला झाडू बांधून एक हात फिरवावा लागतो.

कुठली केबल कुठून गेली याचं हाताने काढलेलं चित्र, सगळी सिरीयल क्रमांकांसह बिलं, अॅडमिनचा पासवर्ड आणि फिटिंगवाल्याचा नंबर एका लिफाफ्यात घालून घरच्या कपाटात ठेवा. लिफाफा डीव्हीआरशेजारी ठेवू नका, आणि तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या.